शेरावरची शीग

एकदा एका नदीच्या घाटावर एक वृद्ध आचारी, ज्याला सगळे बुवा म्हणत, आणि त्याचा शिष्य राहत असत. घाट दहाव्याच्या विधींचा. येणारे लोक डोळे पुसतच येत आणि पिंडाला कावळा शिवला, की काठावरच्या अन्नछत्रात दोन घास खाऊन जात. बुवांच्या आमटीचा वास असा, की कावळे पिंड सोडून स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसत आणि भटजींना त्यांना हाकलून कामाला लावावे लागे, असे म्हणतात. म्हणणाऱ्याचे तोंड कोण धरणार?

शिष्य चाळिशीला टेकला होता. उमेदीची सारी वर्षे त्याने चुलीपुढे घातली ती एकाच आशेवर: एक दिवस बुवा आपले ओगराळे त्याच्या हाती देतील आणि चूल त्याची होईल. आता बुवांचे हात कापत, छातीत घरघर असे. तो दिवस जवळ आला होता. त्याच्या मागोमाग दुसरा कोणता दिवस येणार, हेही शिष्याला कळत होते.

अशात अन्नछत्राच्या विश्वस्तांनी लिटरचे नवे चकचकीत माप आणले. "जग लिटरवर आलं बुवा, तुम्ही अजून शेरावरच!" बुवांनी ते उलटसुलट पाहिले आणि शिष्याकडे सरकवले. "उद्या तू रांध. मी नुसता बसतो."

शिष्य हुशार. त्याने जुना पितळी शेर पाण्याने काठोकाठ भरला, ते पाणी नव्या मापात ओतले आणि खूण पाहिली. शेर लिटराहून घोटभर कमी भरला. मग चिपटे, मापटे, पायली, सगळ्यांचे त्याने तोंडी हिशोबानेच लिटर करून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याच हिशोबाने तांदूळ घेतला, त्याच हिशोबाने आधण ठेवले. भात इतका मोकळा झाला, की शीत शीताला ओळख देईना.

पण शेवटची पंगत बसली आणि पातेल्याचा तळ वाजला.

पंगतीच्या टोकाला एक बाई होती. मुलाच्या दहाव्याला आलेली. सगळे उठून आले तरी ही नदीकडे पाहत मागे राहिलेली. तिच्या पत्रावळीवर नुसते मीठ. शिष्य रिकामे पातेले धरून तिच्यासमोर उभा राहिला.

"थांबा आई, आत्ता टाकतो."

"असू दे दादा. होडी सुटेल. मला तशीही भूक नव्हती."

तिने पत्रावळ दुमडली. मीठ सांडू नये म्हणून फार जपून दुमडली, आणि गेली.

भांडी घासून झाल्यावर शिष्य बुवांसमोर बसला. "हिशोब चुकला नाही, बुवा. माणसंही रोजच्याइतकीच होती. पुन्हा करून दाखवू?"

"हिशोब बरोबर आहे. शेर आण. पाण्याने भर."

त्याने भरला.

"आता शीग लाव."

शिष्याला वाटले, झाले, म्हातारा गेला कामातून. "पाण्याला शीग?"

"लाव म्हणतो ना!"

त्याने ओतले. पाणी काठावरून ओघळले, बुवांचे धोतर भिजले.

"अजून."

"बुवा, तुम्ही सगळे भिजलात."

"मला भिजू दे. तुझ्या डोक्यात शिरलं, की थांब."

शिष्याचा हात थांबला. बुवांनी तांदळाचा शेर कधी सपाट घेतलाच नव्हता. भरल्या शेरावर दाणे घरंगळेपर्यंत शीग चढायची. ती इतकी वर्षे तो रोज पाहत होता.

बुवा म्हणाले, "काठापर्यंतचा शेर मापाचा, लेका. वरची शीग देणाऱ्याची. तू पाण्याने मोजलंस, म्हणून काठाशीच थांबलास. लिटराचा दोष नाही, ते बिचारं घालाल तेवढं धरतं. पण या मापातून त्या मापात जाताना काठावरचं आधी सांडतं. वेळेवर येणाऱ्याचं पोट शेरात भरतं. शीग असते मागे रेंगाळणाऱ्याची. आणि या घाटावर भूक नाही म्हणतो, तोच उपाशी असतो." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "आता तिला कुठं शोधशील?"

शिष्य ओली जमीन पुसू लागला. ओगराळे खुंटीवरच राहिले.

थंडी सरायच्या आत बुवा गेले. त्यांच्या दहाव्याला त्यांच्याच आमटीवर पोसलेले सगळे कावळे लिंबावर जमले, पण एकही खाली उतरेना. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला कुणीतरी."

"अन्नछत्र चालू राहील हो!" विश्वस्तांनी हात जोडले. कावळे ढिम्म.

सगळ्यांनी शिष्याकडे पाहिले. काय बोलायचे ते त्याला ठाऊक होते. पण आधणाची वेळ झाली होती. तो उठून आत गेला. लिटरचे माप त्याने तांदळात बुडवले, वर ओंजळीने शीग चढवली, दाणे घरंगळू लागले तेव्हा थांबला. मग खुंटीवरचे ओगराळे स्वतःच्या हाताने काढले.

शेवटची पंगत उठल्यावर ओल्या धोतराचा एक म्हातारा दाराशी येऊन उभा राहिला. "मला काही भूक नाही, बाबा," तो म्हणाला.

"बसा," शिष्य म्हणाला आणि त्याने पत्रावळ मांडली.

भात पुरला. पिंडाला कावळा शिवला की नाही, हे त्याने कुणालाही विचारले नाही.