सटवाजी गवंड्यानं ठेवलेलं आभाळ

फार वर्षांपूर्वी, नदीला बारमाही पाणी असायचं त्या काळी, बोरखडीत सटवाजी नावाचा गवंडी होता. घर बांधायचं तर हा आधी मोकळ्या जागेत पाट मांडी, घरच्या बाईला त्यावर बसवी आणि विचारी, "बाई, आभाळ किती ठेवू?" बाई हात पसरून दाखवी. तेवढं अंगण मधोमध सोडून मगच तो भिंतींची दोरी धरी. शास्त्रीबुवा म्हणत, घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, ते मोकळंच हवं. सटवाजी हसे. "ब्रह्मदेव कुठंबी बसंल, महाराज. लेकीबाळींनी कुठं बसावं?" त्यानं सोडलेल्या अंगणातल्या पापडांना कावळा शिवत नसे, असं म्हणतात.

पण एकदा सटवाजी चुकला. पाटलाचं घर बांधताना भिडेपोटी पाटलालाच विचारून बसला. पाटील म्हणाला, "आभाळ कशाला? चोराला वाट दावायला? समदं झाक." सटवाजीनं सबंध घरावर मातीचं जाड माळवद घातलं.

त्या घरात गोजरा सून होऊन आली. पाटलाच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. वर्षभरात पोर पांढरीफटक पडली. काढे झाले, अंगारे झाले, गुण येईना. एक दिवस ओल आलेली भिंत लिंपायला सटवाजी आला, तेव्हा दाराआडून तिनं विचारलं, "मामा, आज ऊन पडलंय का वो?"

भर दुपार होती. सटवाजीनं थापी तिथंच टाकली.

तसाच तो कुदळ घेऊन शिडीनं माळवदावर चढला आणि आपलंच काम फोडू लागला. पाटलानं चिडून शिडी काढून घेतली.

"पोरीला इचारायचं राहिलं हुतं, पाटील," एवढंच सटवाजी बोलला.

कुदळ मोडली तेव्हा त्यानं हातांनी खणलं. काम तीन दिवसांचं. पण ते होईस्तोवर सूर्य माळवदावरून हललाच नाही, असं म्हणतात. शेवटी उन्हाचा झोत खाली आला, गोजरानं त्यात दोन्ही हात पसरले आणि ती रडता रडता हसली. सुनेचा चेहरा पाटलानं असा उजेडात पहिल्यांदाच पाहिला. मग सटवाजीला उतरवून घ्यायला तो स्वतः शिडी लावून वर गेला. वर कुणीच नव्हतं.

आता बोरखडीत स्लॅबची घरं झालीत, जागा टीचभर. तरी पायाभरणीआधी घरच्या बाईला पाटावर बसवतात आणि गवंडी कुठलाही असो, विचारतो, "बाई, आभाळ किती ठेवू?"

बाई हात पसरते आणि म्हणते, "गोजराला पुरंल एवढं."