उभी ऐरण

एका माळावरच्या गावात एक लोहार आणि त्याची लोहारीण नव्यानेच येऊन राहिले. त्यांच्याजवळ भाता होता, सांडशी होती, घण होता. नव्हती ती फक्त ऐरण, आणि ऐरणीशिवाय लोहार म्हणजे पोळपाटाशिवाय पोळ्या. भावाभावांच्या वाटणीत वडिलांची ऐरण रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे गेली होती. धाकट्याने निघताना ती डोळे भरून पाहून घेतली होती, एवढंच.

गावालाही लोहाराची निकड होती. विहीर अर्ध्यावर खणून झाली होती आणि खाली काळा पाषाण लागला होता. सकाळी टोकदार असलेल्या पहारी दुपारपर्यंत बोथट होत. खोदणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "रोज बारा पहारींना टोक काढून द्या आन् खुशाल गावात ऱ्हावा. न्हाई जमलं, तर आमाला दुसरा लोहार बगावा लागंल. गाव पान्यावाचून हाय."

लोहार मोठा हुन्नरी. भंगाराच्या ढिगात त्याला आगगाडीच्या रुळाचा दीड हात लांब तुकडा सापडला. दोन नवे विळे घडवून द्यायच्या बोलीवर त्याने तो घेतला. बाभळीच्या ओंडक्यावर तो आडवा ठेवला, कारण वडिलांची ऐरणही आडवीच होती. खिळे ठोकले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्या लोहारांची रीत अशी, की एकदा पुजलेली ऐरण जागची हलवायची नाही.

आणखीही एक रीत होती. पुरुषाने सांडशीत लोखंड धरायचं आणि घण बाईने मारायचा. लोहारीण असा घण मारी, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. नव्या ऐरणीचा टणटण आवाज शिवारभर जाई आणि लोक माना डोलावत. लोहाराला तो आवाज ऐकून मूठभर मांस चढे.

पण दिवस मावळेपर्यंत पहारी झाल्या पाच. दुसऱ्या दिवशी सहा. टोक निघायच्या आत लोखंड थंड होई आणि पुन्हा भट्टीत घालावं लागे.

लोहारीण म्हणाली, "धनी, आवाज लई हाय, पर घाव लोखंडाला पोचत न्हाई. घण पडला की ऐरणच थरथरती."

"तुजा हात थकला आसंल," लोहार म्हणाला.

तिने पुन्हा घण उचलला. तिसऱ्या दिवशी मुकादम आला आणि जड आवाजात म्हणाला, "उद्या सांजंला बाजारगावी गाडी जाणार, दुसरा लोहार आनाया. माजा विलाज न्हाई."

तो गेल्यावर लोहारणीने घण नवऱ्यापुढे ठेवला. "आज सांडशी मी धरते. तुमी मारा."

लोहाराला हसू आलं, पण त्याने घण उचलला. दहा घाव घातले. प्रत्येक घावाला रूळ ओंडक्यावर तडफडत होता आणि त्याच्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या. बायको जे सांगत होती, ते त्याच्या मनगटाने दहा घावांत सांगितलं. त्याला स्वतःची लाज वाटली. घण खाली ठेवून तो म्हणाला, "मग कसं करावं म्हनतीस?"

"रूळ उभा करा. सगळं वजन घावाच्या खाली यिऊ द्या."

"तळहाताएवढं तोंड ऱ्हाईल! आन् पुजलेली ऐरण उपटायची? वाडवडील काय म्हनतील?"

"वाडवडील बी लोहारच व्हते न्हवं? पहार वाकडी झाली, तर ती सरळ करत व्हते का तशीच पुजत व्हते?"

 लोहाराने ऐरणीला हात जोडले आणि खिळे उपटले.

मग दोघांनी काय काम केलं म्हणता! तापल्या लोखंडाने जाळत, छिन्नीने कोरत ओंडक्यात खोल भोक पाडलं. रूळ त्यात उभा उतरवला आणि वीतभर वर ठेवला. चहूबाजूंनी पाचरी ठोकल्या. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसं ओंडक्याला लाल तापलेलं कडं चढवून पाणी ओतलं, तेव्हा लाकडाने लोखंड घट्ट कवटाळलं. वरचं तोंड लोहारणीने दगड, वाळू आणि पाण्याने घासघासून असं सपाट केलं, की त्यात तिला आपली नथ दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला घाव पडला. आवाज आला, "ठप्". जमलेले लोक हळहळले, "ऐरण मुकी झाली की!" लोहारणीला मात्र घण वर उचलावाच लागत नव्हता, तो आपोआप उसळून येत होता. रुळाच्या जाड भागावर पहारीला टोक निघे आणि पातळ कडेवर नको तेवढं लोखंड तुटे. एक पहार, दोन पहारी, चार, आठ. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा बारावी पहार पाण्यात चुरचुरत होती. मुकादमाने जुंपलेली गाडी सोडायला सांगितली.

आठव्या दिवशी पाषाण फुटला आणि विहिरीला पाणी लागलं.

गवगवा ऐकून थोरला भाऊ पाहायला आला. उभ्या रुळाभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या, घाव घालून पाहिला आणि विचारलं, "ही अक्कल तुला कुनी दिली?"

"माजीच हाय" म्हणायला धाकट्याला कोण अडवत होतं? पण तो म्हणाला, "घण मारती तिनं. म्याच उशिरा ऐकलं."

 थोरला घरी गेला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने बायकोच्या हातात सांडशी दिली, वडिलांच्या ऐरणीपुढे स्वतः घण घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुजं बी काय म्हननं आसंल, तर सांग."

तात्पर्य: काम कुठे अडतंय हे ते हातांनी करणाऱ्याला आधी कळतं. त्याला विचारावं, आणि त्याने सांगितलेलं खरं ठरलं की त्याचं नाव घ्यायला लाजू नये.