आत्यानं पाणी जोखलं

हौसाआत्याला निवृत्तीनंतर तळ्याकाठीच राहायचं होतं. मनासारखं घर सापडलंही. खिडकी उघडली की अख्खं तळं घरात यायचं. पण घर घेण्याआधी सोसायटीचे चेअरमन सरनोबत यांच्यासमोर हजर व्हावं लागे. म्हणून आत्याबरोबर बाबा आणि मी त्यांच्या तळ्याकाठच्या बंगल्यावर गेलो.

सरनोबतांनी आत्याला खालीवर न्याहाळलं. "आडनाव कळलं. पण तुम्ही मूळच्या कुणातल्या? काय आहे बाई, इथे सगळी आपली माणसं राहतात. म्हणून घर देण्याआधी आम्ही माणसाचं पाणी जोखतो."

"बरोबर आहे साहेब," बाबा लगेच म्हणाले. मी कॉलेज सोडलं म्हणून रोज माझ्यावर डाफरणारा हा माणूस, समोर खुर्चीतला साहेब दिसला की नुसती मान डोलावतो.

आत्या उठली. टीपॉयवरचा रिकामा पेला घेऊन पायऱ्या उतरली, तळ्यात बुडवून भरून आणला आणि सरनोबतांपुढे ठेवला.

"घ्या साहेब. आधी तुमच्या दारचं पाणी जोखू या."

सरनोबत खुर्चीसकट मागे सरकले. "वेड लागलंय का? सगळ्या बंगल्यांचं सांडपाणी सोडलंय त्यात!"

"कुणी सोडलं?"

सरनोबतांनी पेला बोटानं दूर सारला.

"आपल्याच माणसांनी ना?" आत्यानं पर्स खांद्याला लावली. "झालं जोखून. घर फार आवडलं हो, पण असला शेजार नको."

ती निघाली. बाबाही मुकाट्यानं उठले. घरातल्या कुणा मोठ्या माणसाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बघितलं.