ठकीचं तीन खोल्यांचं घर

या, सरका इकडे. विनू, पाय पांघरुणात घे बघू, गारठलेत. आणि माझा हा हात मोकळा ठेवा, थोपटायला लागतो मला. हं.

एक होती राणी. राजाही होता, पण तो सदा स्वारीवर, त्याला आपण जाऊ देऊ त्याच्या वाटेनं. ही राणी मूळची कोकणातली बरं का. खाडीकाठी तिचं घर, परसात फणस, घरात आई आणि बाबा. नाव तिचं भागी. मग काय झालं, तिचं लग्न ठरलं आणि घाट चढून ती लांब देशावर आली. सासरी ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं, मोठं जडशीळ नाव. भागी म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. पुढच्याच वर्षी आई गेली, पाठोपाठ बाबा गेले. मग एका पावसाळ्यात खाडी चढली ती घरच घेऊन गेली.

वर्षं गेली. राणीला मुलगी झाली, तिचं नाव मथू. सात वर्षांची, बडबडी, आणि हात सारखे कशात तरी. त्यातही डावा हात जरा जास्तच. म्हणून राणीनं तिच्या डाव्या मनगटाला लाल रेशमी फीत बांधून ती कमरेला अडकवली होती. राजवाड्याची रीतच होती तशी. डाव्या हातानं जेवायचं नाही, द्यायचं नाही, घ्यायचं नाही. मथू कुरकुरायची, आणि राणी गाठ अजून घट्ट करायची.

एकदा काय झालं, मथूनं विचारलं, "आई, तुझी आई दिसायची कशी?"

राणी सांगायला गेली आणि तिला आठवेना. लुगडं आठवलं, बांगड्या आठवल्या, आवाजही थोडा थोडा आठवला. पण चेहरा काही केल्या येईना. डोळे मिटून बघितलं, उघडून बघितलं. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. सांगू का पोरांनो, आई जाते तेव्हा रडू येतंच, पण आईचा चेहरा जातो ना, तेव्हा रडायलाही सुचत नाही. राणी दिवसभर जेवली नाही.

मग तिसऱ्या दिवशी राजवाड्याच्या दाराशी एक म्हातारा आला. बाबल मेस्त्री त्याचं नाव. लाकडाची खेळणी करायचा आणि रंगवायचा. कोकणातला माणूस, बोलणं तिकडचंच. डोक्यावर त्याच्या एक ओलं लाकूड. लाकडात ठोकलेली घोड्याची नाल.

म्हणाला, "राणीसाहेब, ह्या लाकूड तुमच्या परसातल्या फणसाचा. इतकी वर्सां खाडीच्या चिखलात रुतान होता, आता व्हावत आमच्या गावाक इला. ज्याचा त्याका देवक नको?"

राणीनं नाल ओळखली. फणसाला दृष्ट लागू नये म्हणून बाबांनीच ठोकली होती ती. तिनं लाकडाला हात लावला आणि हात काढवेना.

"मेस्त्री, याचं काय करता येईल?"

बाबलनं लाकडाला कान लावला. मग म्हणाला, "ओल आसा तोवर लाकडाक आठवण आसा. आठ दिवसांत सुकतला. तोवर आपण तुमचा घर करूया. लहानसा, बाहुलीचा."

आणि त्यानं सांगितलं ते नीट ऐका. बाहुलीघरात खोल्या तीन. पडवी, माजघर आणि स्वयंपाकघर. प्रत्येक खोलीत एक इवलीशी पणती. खोली जशी होती तशी सजली की पणती आपोआप पेटणार. एक गोष्ट जरी खोटी असली तरी अंधार. आणि घरात राहायला ठकी, म्हणजे लाकडाची बाहुली. लुगडं, कुंकू, पाटल्या, सगळं बाबलनं रंगवलं, तोंड मात्र कोरं ठेवलं.

"तोंड मी काढूचंय नाय," तो म्हणाला. "तिनय पणत्यो पेटल्यो की ता आपणच येतला. तुमच्या आवशीचा."

आवशीचं म्हणजे आईचं. राणी उठलीच. आठ दिवस, तीन खोल्या आणि आईचा चेहरा.

पहिली पडवी. राणी पडली राणी. तिनं खांबांना सोन्याचा वर्ख लावायला सांगितला, मखमलीची बैठक घालायला सांगितली. आपलं माहेर चारचौघींत कमी दिसू नये, असं वाटतं हो बाईमाणसाला. बाबलनं मुकाट्यानं सगळं केलं. पणती काही पेटली नाही. दोन दिवस गेले. मग राणी स्वतःशीच हसली. म्हणाली, "मेस्त्री, काढा तो वर्ख. आमच्या खांबाला वर्ख नव्हता. तेलकट डाग होता, बाबा डोकं टेकून बसायचे ना. आणि खुंटीवर त्यांचं इरलं." बाबलनं पानांचं बोटभर इरलं विणलं, पावसात डोक्यावर घेतात तसलं. खांबाला तेलाचं बोट पुसलं. आणि पणती पेटली. पडवीतून ओल्या पानांचा वास आला. मथू नाक खुपसून बसली तिथं.

दुसरं माजघर. इथं राणीनं पलंग मांडला, नक्षीचा, चार मोरांचा. पुन्हा अंधार. आता तुम्हीच सांगा, खाडीकाठच्या घरात मोरांचा पलंग कुठून यायचा? पण खोटं बोलायची सवय लागली की स्वतःलाही खरं वाटायला लागतं. अजून दोन दिवस गेले. मग मथूनंच विचारलं, "आई, तू खरी कुठं झोपायचीस?"

"घोंगडीवर गं," राणी म्हणाली. "घोंगडीवर, झोपाळ्याच्या खाली. आई वर बसून पायानं झोका द्यायची. तीन कड्या होत्या झोपाळ्याला, चौथी तुटलेली. तिथं सुंभाची दोरी." बाबलनं पलंग काढला, झोपाळा टांगला, तीन कड्या आणि एक दोरी. पणती पेटली, आणि कुणी हात न लावता झोपाळा हलायला लागला. कर्र, कर्र. राणी ऐकत राहिली. मथूला वाटलं आई आता रडणार, पण ती रडली नाही, नुसती मान डोलवत होती झोक्याबरोबर.

झोपलात काय रे? नाही ना. मग पुढं ऐका.

उरलं स्वयंपाकघर. राणी आता शहाणी झाली होती. सोनं नको, मखमल नको. चूल मांडली, तिला जोडून वैल, भात मुरायला ठेवतात ती बाजूची छोटी चूल. मडक्यांची उतरंड रचली, शिंकं टांगलं, खांबाला ताकाची रवी बांधली. भिंतीला चुलीमागं काजळी लावली. एकही गोष्ट खोटी नव्हती. शेवटी बाबलनं शेण कालवलं आणि दोन बोटांनी जमीन सारवली. सुरेख सारवली हो, कमानीला कमान लावून.

पणती पेटली नाही.

राणीनं उतरंडीतली मडकी मोजली, पाचाची सहा केली. अंधार. शिंकं इकडचं तिकडं केलं. अंधार. पाट्यावर हळदीचा डाग पाडला. अंधारच. सातवा दिवस गेला, आठवा उजाडला. लाकूड टणक झालं होतं, वाजवलं की ठणठण वाजत होतं. पडवीतली पणती बारीक झाली. माजघरातला झोपाळा थांबत थांबत हलायला लागला. ठकी आपली कोऱ्या तोंडानं उभी.

"अजून काय राहिलं, मेस्त्री?" राणीनं विचारलं.

"माका कसा कळात, बाय? माका घरा ठावक आसत. तुमचा घर तुमकाच ठावक." म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा जमीन खरवडली, पुन्हा शेण कालवलं, निम्मी सारवली, आणि दमून भिंतीला टेकला.

राणीनं डोळे मिटून घेतले. आणि मथू? मथू किती वेळ गप्प बसणार? दुपारची वेळ, कुणाचं लक्ष नाही. तिनं वाकून दातांनी फितीची गाठ सोडली. डाव्या हाताची दोन बोटं शेणात बुडवली आणि स्वयंपाकघराचा एक कोपरा सारवला. इवल्या इवल्या चार कमानी.

तेवढ्यात मथूची दाई आत आली, तिनं बघितलं मात्र आणि ओरडली, "राणीसरकार, डावा हात! शुभाच्या कामाला डावा हात लावला पोरीनं."

राणी उठली. सवयीनं उठली. एका हातानं फीत उचलली, दुसऱ्यानं मथूचं मनगट धरलं आणि ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर त्या कोपऱ्यावर गेली.

पणतीच्या वातीवर एक ठिणगी बसली होती. मोहरीएवढी.

राणीनं वाकून बघितलं. बाबलच्या कमानी एका अंगाला वळलेल्या होत्या, उजव्या हाताच्या वळतात तशा. मथूच्या दुसऱ्या अंगाला वळलेल्या. आणि तिला दिसलं, पोरांनो, लख्ख दिसलं. सकाळची वेळ, आई कोपऱ्यातून सारवत सारवत मागं दाराकडं येतेय. उजव्या हातात शेणाची पाटी, आणि डावा हात जमिनीवर फिरतोय. डावा. तिची आई डावखुरी होती. बाबा कौतुकानं म्हणायचे, आमच्या घरची जमीन अख्ख्या गावात उलटी आहे.

आणि अजून एक आठवलं. मागं मागं सरकत आईबरोबर सारवणारी एक छोटी भागी होती. तिचाही हात डावाच होता. सासरी आली त्या पहिल्या पंगतीत सासूबाईंनी तो हात धरून ताटातून बाहेर काढला होता. वर्षभर फीत बांधली होती. मग भागी शिकली. इतकं नीट शिकली की आपल्याला तो हात होता हेच विसरली, आणि आपल्या लेकीला आपणच गाठ मारायला लागली.

राणीनं मथूचं मनगट सोडलं. तिथं लाल वळ उठला होता. राणीनं त्यावर फुंकर घातली.

मग ती खाली बसली, भरजरी शालूसकट. पदराखालून आपला डावा हात काढला. इतक्या वर्षांनी तो ऐकेना. पहिली कमान वेडीवाकडी आली. दुसरी बरी आली. तिसरीला हात आपला आपण वळला. मायलेकी दोघींची बोटं सारवत मागं मागं आली, इवल्याशा दारापर्यंत.

आणि तिसरी पणती पेटली.

तिन्ही खोल्या उजळल्या. झोपाळा करकरला, चुलीवरल्या मडक्यातून पेजेचा वास आला. मथू म्हणाली, "आई, ठकी बघ."

ठकीला तोंड आलं होतं. बारीक डोळे, रुंद कपाळ, हनुवटीला खळी. आणि डाव्या भुवईवर काजळीचा एक फराटा.

"हे काय लागलंय गं हिला? पुसू?" मथूनं विचारलं.

"नको, नको पुसूस," राणी म्हणाली. "ती चूल फुंकायची ना, तेव्हा डाव्याच मनगटानं घाम पुसायची. रोज असायचा तो फराटा. रोज, बाळा. मीच विसरले होते."

आणि मग राणी रडली. आधीचं, मधलं, सगळं राहिलेलं रडली. मथूनं तिला थोपटलं. कुठल्या हातानं ते तुम्हीच सांगा.

संध्याकाळी लाकूड सुकलं. पणत्या विझल्या, झोपाळा थांबला. पण ठकीचं तोंड तसंच राहिलं, फराट्यासकट. राणीनं बाबल मेस्त्रीला जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं, डाव्या हातानं. म्हातारा हसला आणि दोनदा भात मागून घेतला. त्या लाल फितीचं ठकीला, रंगवलेल्यावरूनच, खरंखुरं लुगडं नेसवलं. त्या दिवसापासून राजवाड्यात कुणाच्या हाताला गाठ पडली नाही. राजा आल्यावर त्यानं विचारलं, हे काय चाललंय? राणी म्हणाली, माझ्या माहेरची रीत आहे. मग तो काय बोलणार? जेवला आणि झोपला. मायलेकी दर दिवाळीला बाहुलीघर काढून सारवायच्या, आणि सगळी सुखात राहिली.

आता तुम्हीही झोपा. राणी निजली, मथू निजली, ठकीसुद्धा माजघरात जाऊन पडली. काय रे विनू? हो, डावाच आहे माझा हा हात. माझ्या आईचाही होता. मीट डोळे.