माळाखालचं रान

"…पण आप्पा, माझं चुकलं तरी कुठं?"

गजेंद्रनं त्या सकाळी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. धुळाआप्पांनी तो तिसऱ्यांदा कानाआड केला आणि घोंगडीत रुतलेले काटे वेचत बसले.

धुळाआप्पा म्हणजे मेटकरवाडीतले सगळ्यात वयस्क धनगर. साठ वर्षं मेंढरांमागं चाललेले. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण घरात भांडण होवो की विहिरीची जागा बघायची असो, माणसं आधी हिंगणमाळावरच्या त्यांच्या खोपटाशी यायची.

गजेंद्र यायचा नाही. त्याला गरजच नव्हती ना! शेतीशास्त्रातली भलीमोठी पदवी, शहरातली चांगली नोकरी. ती सोडून हा गडी गावाकडं परतला होता, कारण हिंगणमाळाचं वाळवंट होताना त्याला बघवत नव्हतं. तळमळ खरी होती, त्याबद्दल शंकाच नको. पण स्वभाव असा ताठ, की भेटेल त्याला शिकवायला निघायचा. माळालासुद्धा!

तीन वर्षं त्यानं दर वर्षी दोन हजार रोपं लावली. तिन्ही वर्षं ती जळून गेली.

आता गावाचाही धीर सुटला होता. माळ खडी क्रशरला देऊन टाकायचा, असं घाटत होतं. चार दिवसांवर ग्रामसभा होती. एकदा सुरुंग लागले की खडक फुटणार, माती उडून जाणार, मग तिथं गवताची काडीसुद्धा उगवायची नाही. गजेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

म्हणून तर साहेबांना आज खोपटाची वाट सापडली.

"माती तपासली," तो बोटं मोजत म्हणाला. "खड्डे मापात घेतले. टँकरनं पाणी घातलं. चराईबंदीचा फलक लावला, राखणदार ठेवला. त्याची पाठ फिरली की गावातल्या शेळ्या आत! पण जिथं शेळ्या पोचल्या नाहीत, तिथली रोपंही गेलीच."

"लावायच्या आदी काय केलंस?"

"माळ साफ केला."

"साफ म्हंजी?"

"ती खुरटी झुडपं आहेत ना, काटेरी? बोराची, हिवराची, खैराची. वीतभर उंच, काही कामाची नाहीत. दर वैशाखात माणसं लावून सगळी छाटून काढली. रोपांना जागा नको का?"

आप्पांचा हात घोंगडीवरच थांबला.

…

त्यांनी घोंगडी बाजूला सारली. मग काठी टेकत उठले.

"चल."

माळावर ऊन रणरणत होतं. आप्पा एका खुरट्या झुडपापाशी थांबले. बोराचं होतं. चार काटक्या, सात-आठ पानं.

"ह्ये उपट."

गजेंद्रला हसू आलं. त्यानं एका हातानं ओढलं. झुडूप हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पाय रोवून, दात-ओठ खाऊन ओढलं. तळहाताला काटे रुतले, रक्त आलं. झुडूप आपलं जिथल्या तिथं.

"कुदळ घे," आप्पा म्हणाले. "खण."

हातभर खणलं, तेव्हा मनगटाएवढं मूळ लागलं. कमरेएवढं खणलं, तेव्हा ते मांडीएवढं जाड झालं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गजेंद्र छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता आणि मूळ मुरमातून अजून खाली निघालंच होतं. त्यानं तळाची माती मुठीत घेतली.

माती ओली होती. वैशाखात! हिंगणमाळावर!

"वय काय आसंल त्याचं?" वरून आप्पांनी विचारलं.

एवढी विद्या त्याच्यापाशी होती. त्यानं मुळावरून हात फिरवला, कुदळीच्या घावातली वलयं निरखली.

"पन्नास… साठ… आप्पा, हे माझ्या वडिलांपेक्षा मोठं आहे!"

"मंग वर का न्हाई आलं?"

…

"माज्या मेंढरांनी खाल्लं," आप्पा म्हणाले. "दर साली कोंब यायचा, दर साली मेंढरं खायाची. लई वर्सं. तरी त्यो यायचा. मला वाटायचं, गवतासारकंच आसंल कायतरी… आता म्हातारपणी इथं बसून बगतो तवा उमगलं. आन् तवर तू आलास कोयता घिऊन. इचारायला मातर आला न्हाईस."

गजेंद्रनं मान वर करून माळावर नजर टाकली. खड्ड्यातून माळ त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला होता. एक झुडूप, दहा झुडपं, शंभर झुडपं… जिकडं बघावं तिकडं वीतभर काटक्या. दर वैशाखात त्यानं साफ केलेल्या.

रान उभं करायला आला होता आणि तीन वर्षं रानच तोडत होता! एवढा शिकलेला माणूस, पण तिथंच खड्ड्यात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आप्पांनी त्याला रडू दिलं.

"आता काय लावू?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"काय बी लावू नगंस."

"मग करू काय?"

"एका खोडाला धा कोंब येत्यात. त्यातला एक ठिव, बाकीचं काढून टाक. आन् बस."

"बस? नुसतं बसून राहू?"

"व्हय. तेच तुला जड जानार हाय."

ग्रामसभेत गजेंद्रनं दोन पावसाळे मागितले आणि सगळी सभा खो खो हसली.

"तीन वर्षं लावून काही उगवलं नाही," सरपंच विलासतात्या म्हणाले, "आता म्हणतो, दोन वर्षं काही लावणारच नाही! आणि शेळ्या कोण थांबवणार? तुझा तो राखणदार?"

तेवढ्यात धुळाआप्पा उठले. शेल्याची गाठ सोडली आणि भंडाऱ्याची चिमूट उचलली. सभा एकदम चिडीचूप झाली. भंडारा उचलून दिलेला शब्द धनगर मोडत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"बिरोबाची आन," आप्पा म्हणाले. "दोन पावसाळं माजी दोनशे मेंढरं हिंगणमाळावर पाय ठिवनार न्हाईत."

झालं! ज्याची चूलच मेंढरांवर, त्यानंच आपल्या मेंढरांचा घास काढून घेतला. आता त्या माळावर शेळी नेण्याचं तोंड कुणाला होतं? वाडीतल्या सुगलाबाईंनी आपल्या चार शेळ्या दावणीला बांधायचं कबूल केलं. मग शेजारच्यानं. मग सगळ्या वाडीनं. तीन वर्षांत फलकाला आणि राखणदाराला जमलं नाही, ते चिमूटभर भंडाऱ्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांची मुलं मेंढरं घेऊन आठ दिवसांच्या वाटेवर, परमुलखात निघून गेली.

गजेंद्र रोज माळावर जाऊन कोंब निवडायचा. सरळ आणि जोमदार असेल तो ठेवायचा. बाकीचे काढून तिथंच मुळाशी अंथरायचा. आणि मग बसायचा. अरे देवा, काय जड गेलं त्याला ते बसणं! एकदा न राहवून पोत्यात लपवून चाळीस कडुनिंबाची रोपं घेऊन आला. आप्पांनी पोत्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि चिलीम भरायला घेतली. गजेंद्र आल्या पावली परतला. ती रोपं गावातल्या शाळेच्या अंगणात लागली.

पण कोंब? कोंब सुटले होते नुसते! साठ वर्षांची मुळं खाली आणि वर खाणारं, तोडणारं कुणी नाही. पहिल्या दिवाळीला कमरेएवढे आले. दुसऱ्या दिवाळीला माणसाला मान वर करून बघावं लागायला लागलं.

मार्गशीर्षात मुदत संपली. आप्पांनी मुलांना परत यायचा निरोप धाडला. ग्रामसभा या खेपेला माळावरच भरली. क्रशरवाल्याचा माणूस कागद घेऊन जीपमधून आला होता. विलासतात्या म्हणाले, "थांबा, आधी मी आत जाऊन बघून येतो."

तात्या आत गेले… ते आलेच नाहीत.

थोड्या वेळानं आतून हाक ऐकू आली. "अहो, कुणी आहे का? वाट कुठाय?"

सगळा गाव पोट धरून हसला. चार जण जाऊन तात्यांना घेऊन आले. टोपी बोराटीला अडकून राहिली होती, दोन्ही खिसे बोरांनी भरले होते आणि तोंडही भरलेलं होतं. क्रशरला नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, एवढं ते कसंबसं बोलले. एकही हात खाली राहिला नाही. तात्यांनी तर दोन्ही वर केले!

जीप धुरळा उडवत निघून गेली. धनगरांचे गजी ढोल वाजायला लागले. पोरांनी गजेंद्रला खांद्यावर घेतलं, बायांनी त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली. त्याच्या छातीत आनंद मावेना. तो खाली उतरला, धावत आप्पांकडं गेला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आप्पा, जिंकलो! आता हे रान मी जिवापाड जपणार. कायमची बंदी घालणार. एक शेळी, एक मेंढरू आत जाणार नाही. मी स्वतः उभा राहीन, असा!"

आणि तो खरोखरच पायवाटेवर दोन्ही हात पसरून उभा राहिला. मागं मेंढरांचं तोंड पोचणार नाही इतके उंच शेंडे डुलत होते, त्यांच्याखाली गुडघाभर गवत पिवळं पडलं होतं.

समोरून, उतारावरून, आप्पांची मुलं वर येत होती. त्यांच्यापुढं मेंढरं होती. दोन वर्षांत परमुलखात पार हाडकलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. रान दिसताच ती थबकली. माना वर करून गवताचा वास घेत राहिली.

ढोल थांबले.

…

आप्पा पुढं आले. त्यांनी गजेंद्रचा पसरलेला हात धरला आणि हळूच खाली घेतला.

"वाट सोड, लेकरा. भुकेली हायत ती."