अतिथंड कारखान्यातला गुणाजी

एका गावात एक भोळा गुणाजी होता. भोळा म्हणजे असा, की बायको म्हणाली, "दुधावर नजर ठेवा," तर सगळं दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत याची नजर काही दुधावरून ढळायची नाही.

त्या गावच्या माळावर एक कारखाना आला. तिथे थंडी करणारी यंत्रं बनवायची आणि ती चालतात का ते तपासायचं. थंडीही साधीसुधी नव्हे, हवेचं पाणी व्हावं अशी. माळावरची गुणाजीची जमीन कारखान्यात गेली, म्हणून कारखान्याने गुणाजीला कामावर घेतलं. जमीन नापीक होती. तरी सौद्यात कारखानाच बुडाला.

यंत्रं खांबेटे बाई तयार करायच्या. संचालक होते इंगवलेसाहेब. साहेबांना यंत्रातलं काही कळत नसे, पण ज्यांना कळे त्यांच्यावर ओरडता येत असे. म्हणूनच ते संचालक होते.

पहिल्या दिवशी बाईंनी गुणाजीला एक पिंप दाखवलं. "यात पातळ नायट्रोजन आहे. बर्फापेक्षा कितीतरी गार. पण उडून जातो हो. जरा सांभाळा."

गुणाजीने सांभाळला. पिंपाच्या तोंडात बाभळीची खुंटी ठोकली आणि शेजारी राखणीला बसला. दुपारी धाडकन आवाज झाला. खुंटी छपराच्या पत्र्यातून आरपार गेली ती परत आली नाही.

"अहो गुणाजी!" बाईंनी कपाळाला हात लावला. "आतल्या वाफेला वाट नको? झाकण कधी घट्ट लावायचं नाही. सैल ठेवायचं!"

"चुकलं बाई. आता पक्कं ध्यानात ठेवतो."

ठेवलं त्याने ध्यानात. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी नवं यंत्र एका पोलादी टाकीत बसवलं. टाकीतली सगळी हवा पंपाने ओढून काढायची आणि मग यंत्र चालू करायचं. पंप लावून मंडळी चहाला गेली. गुणाजी बघतो तर काय, झाकण घट्ट! 'बरं झालं मी इथे होतो,' असं म्हणत त्याने पाना घेतला आणि एकूण एक बोल्ट सैल करून ठेवला. पंप संध्याकाळपर्यंत बोंबलत राहिला. हवेचा दाब दाखवणारा काटा जागचा हलला नाही.

रज्जाक मिस्त्रींना सैल बोल्ट सापडले. "अरे बाबा, हवा आपली दुश्मन! हवेच्या पाठीवर बसून गरमी आत येते. कोंडलेली हवा दिसली की काढून टाकायची. समजलं?"

"समजलं मिस्त्री. कोंडलेली हवा काढून टाकायची."

सकाळी इंगवलेसाहेबांची गाडी आली. गुणाजीला चारही चाकांत कोंडलेली हवा दिसली. डिकीत पाचवं चाक होतं, तेही त्याने सोडलं नाही. साहेब जिल्ह्याच्या बैठकीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले. शेजारी दोन शेळ्या होत्या.

परत आल्यावर साहेब बाईंवर ओरडले. बाई गुणाजीवर ओरडल्या. "गाडीला कशाला हात लावलात? तुमचं काम एकच. जे गार राहायला हवं त्याला हा चकचकीत कागद गुंडाळायचा. थरावर थर. बाहेरची उष्णता आत शिरता कामा नये!"

गुणाजी घरी गेला, तर पाहुणा आलेला सासरा तापाने फणफणलेला. डॉक्टर सांगून गेले होते, "अंग गार राहील एवढं बघा." गुणाजीला हर्ष झाला. कधी नव्हे ते घरात त्याच्या खात्याचं काम निघालं होतं. तो धावत जाऊन कागदाचं भेंडोळं घेऊन आला आणि सासऱ्याला पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळून टाकलं. सासरा वर्ख लावलेल्या बर्फीसारखा दिसू लागला.

"उकडलो रे! मेलो!" सासरा ओरडला.

"आणखी दोन थर, मामा. मग बघा कसे गार पडता."

बायको धावून आली. तिने कात्रीने बापाला सोडवलं आणि नवऱ्याला घराबाहेर काढलं.

हे ऐकून बाईंना हसावं की रडावं कळेना. "अहो, तो कागद बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. तापलेल्याला गार करायचं तर तांब्याची पट्टी लागते. एक टोक तापलेल्याला, दुसरं गाराला. घट्ट आवळायची, मध्ये केसाएवढी फट नको."

"हे आधी बोलला असता, तर मामा गेले नसते."

"गेले?" बाई दचकल्या.

"हो. दुसऱ्या जावयाकडे."

मग तपासणीचा दिवस आला. मुंबईहून मोठे तपासनीस येणार होते. यंत्र पास झालं तर कारखाना राहणार, नापास झालं तर कुलूप. बाईंची पाच वर्षांची मेहनत टाकीसकट शेडमधल्या टेबलावर होती. यंत्रानेही त्या दिवशी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं. तापमानाचा काटा हवा तसा खाली उतरत होता. बाई श्वास रोखून बघत होत्या.

पण आधी साहेबांचं भाषण. भर एप्रिल, वर पत्रा, आणि साहेब काही केल्या थांबेनात. शेवटी तपासनीस कडाडले, "मी यंत्र बघायला आलोय की तुमचं तोंड?"

साहेब घाबरून कोपऱ्यात आले. तिथे गुणाजी उभा होता. "पाहुणे भयंकर तापलेत," साहेब कुजबुजले. "काहीही कर, पण त्यांना गार कर!"

साहेबांच्या मनात ताक होतं. गुणाजीच्या मनात तांबं होतं.

तपासनीस खुर्चीवर पाठमोरे बसले होते. गुणाजी चवड्यांवर चालत मागून गेला. पट्टीचं एक टोक त्याने हळूच त्यांच्या कमरपट्ट्यातून ओवलं. केसाएवढी फट नको, म्हणून सदराही वर सारला. दुसरं टोक यंत्राकडे जाणाऱ्या, हिमाने पांढऱ्या पडलेल्या नळीला बांधलं. मग दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळले.

तपासनीस आधी शहारले. मग "आई गं!" करून उठले आणि पळाले. त्यांच्यामागे पट्टी निघाली, पट्टीमागे नळी, नळीमागे यंत्र. यंत्र टेबलावरून खाली आलं आणि त्याचे तुकडे झाले. पांढऱ्या धुक्याने शेड भरली. पाच वर्षांत जेमतेम खाली आलेला काटा क्षणात वर गेला. बाई मटकन खाली बसल्या. तपासनीस तांब्याची शेपटी फरफटत माळावरून धावत होते, ते कुणी हाक मारली तरी थांबेनात.

धुक्यातून इंगवलेसाहेब आले. चेहरा लालबुंद, कान लाल, डोळे लाल. "गाढवा! आता तुला सोडत नाही!"

गुणाजीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. हे तर पाहुण्यांपेक्षाही जास्त तापले होते.

"बसा साहेब," तो मायेने म्हणाला आणि त्याने मोठी पट्टी काढली.