पहिली खुंटी

नदीच्या पात्रात एक बेट होतं, आणि ते लहान होतं. वरून जाणाऱ्या करकोच्यांना ते दिसायचंच नाही. दिसलं तरी वाळूचा डाग वाटायचं. तीन करंज, पळसाची एक रांग, उंच गवत आणि एकशे चाळीस पक्षी, एवढाच त्याचा पसारा. बेटाला राजा नव्हता. पण तिथल्या पक्ष्यांना एक सवय होती, जी मोठमोठ्या अरण्यांनाही नव्हती, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. बेटावर बोललेलं वाया जात नसे.

कुणाला काही अडलं की तो पळसाचं पान घेई, चोचीने टोचे मारून त्यावर आपला प्रश्न काढी आणि पान टांगून ठेवी. ज्याला उत्तर ठाऊक असे, तो दुसऱ्या पानावर ते काढी. मग पानं शिवून घरटं करणारी शिंपीण शेवरीच्या कापसाचा धागा घेऊन ते पान पहिल्या पानाखाली शिवून टाकी. तिसऱ्याला दुसऱ्याचं पटलं नाही तर त्याचं पान त्याच्याही खाली. भांडणंसुद्धा अशीच, पानाखाली पान लावून होत. मुंगूस आलं तर काय करावं, कुठल्या किड्याने पोट बिघडतं, कुठलं गवत पावसात सडतं, अशा एकेका गोष्टीचे लांबच लांब धागे लोंबत असत. बेटावरचं पिल्लू आधी उडायला शिके आणि लगेच धागा वाचायला.

हे धागे पूर्वी बगळ्याच्या झाडावर असत. झाड बेटाजवळच्या पाण्यात उभं आणि वाळलेलं होतं, पण फांद्या पुष्कळ, आणि बगळा काही मागत नसे. फुकटचं ते पौष्टिक, असं म्हणून सगळ्यांनी आपले धागे तिथे बांधले. बगळा डोळे मिटून एका पायावर उभा असे, त्यामुळे तो साधू आहे असाच सगळ्यांचा समज होता. एका सकाळी त्याने डोळे उघडले, झाड आपण पाणकावळ्यांना दिलं असल्याचं सांगितलं आणि तो उडून गेला. पाणकावळ्यांना पंख वाळवायला जागा हवी होती. दुपारपर्यंत त्यांनी फांद्या मोकळ्या केल्या. बारा वर्षांचं बोलणं पाण्यावर पडलं, थोडा वेळ तरंगलं आणि वाहून गेलं.

त्याच वर्षी करंजाला दोनदा बहर आला. असा बहर आला की काय समजायचं, याचा एक जुना धागा होता, एवढं सगळ्यांना आठवत होतं. त्यात काय होतं, ते कुणालाच आठवेना. टिटवीने नेहमीसारखी वाळूवर चार अंडी घातली. पाणी नेहमीपेक्षा महिनाभर आधी आलं. ती पाण्यावर घिरट्या घालत तीन दिवस ओरडत होती, आणि ते ओरडणं ऐकलेला एकही पक्षी पुढे ते विसरला नाही.

टिटवीची बेटावर थट्टा होत असे. आभाळ पडेल म्हणून ती पाय वर करून झोपते, ही थट्टा तर जगभर आहे. बेटावर तिचा मानही होता, पण तोही गमतीशीर. तिच्या पायाला मागचं बोट नाही, म्हणून तिला फांदीवर बसता येत नाही. त्यामुळे बेटावर एक रिवाज पडला होता, की कुठलीही नवी गोष्ट आणायची तर ती आधी टिटवीने एक दिवस वापरून बघायची. टिटवीला जमलं की सगळ्यांना जमतं. मोठ्या अरण्यांत असा रिवाज नाही. तिथे गरुडाला जमलं की पुरतं.

झाड गेल्यावर नव्याने पानं जमू लागली. पहिलं पान टिटवीचंच होतं. करंजाला दोनदा बहर आला आणि माझी चार अंडी गेली, एवढंच तिने त्यावर टोचलं होतं. त्याखाली खंड्याने पाणी कुठल्या बाजूने शिरलं ते लावलं, भारद्वाजाने कुठली जागा शेवटपर्यंत कोरडी राहिली ते लावलं, आणि धागा वाढत गेला. ठेवायला जागा नव्हती म्हणून शिंपीण सगळे धागे आपल्या घरट्यात ठेवू लागली. चार वर्षांत घरट्यात तिलाच बसायला जागा उरली नाही. ती काठावर बसून झोपू लागली आणि एक दिवस म्हणाली की आता माझ्याने हे होत नाही. मी मेले तर यातलं काय कुठे आहे ते कुणालाही सापडायचं नाही.

तेव्हा धाग्यांसाठी जागा बघायचं ठरलं. बघायला तिघं निघाले. शिंपीण, कारण शिवायचं तिला होतं. टिटवी, कारण रिवाज होता. आणि वटवट्या, कारण तो नुकता जाणता झाला होता आणि त्याला सगळ्या जागांची नावं पाठ होती.

पहिली जागा पैलतीरावरचा वड. तिथे साऱ्या मुलखाचे पक्षी जमत आणि कारभार मैनांकडे होता. एक मैना पुढे आली आणि म्हणाली की बांधा हवे तेवढे धागे, काही द्यायला नको. वटवट्याचे पंख आनंदाने थरथरू लागले. शिंपिणीने मात्र एक धागा वाचायला घेतला, तर दोन पानांच्या मध्ये तिसरंच पान निघालं, अमक्या ओढ्याची जांभळं गोड असतात असं सांगणारं. ते काढून टाकता येत नव्हतं. शिवाय जो धागा सर्वांत जास्त किंचाळत होता, त्यालाच मैना सारख्या वर आणून टांगत होत्या. नमुन्यादाखल बांधलेला बेटाचा धागा खाली कुठे गेला, ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

निघताना टिटवीने विचारलं, "इथून निघायचं झालं, तर आमची पानं आम्हाला नेता येतील का?"

मैना हसली. इथून कुणी जात नाही, म्हणाली.

परतताना वटवट्याने टिटवीला बोल लावला. घर बघायला जायचं आणि आधी निघायचं कसं ते विचारायचं, हे म्हणजे शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.

दुसरी जागा सुतारपक्ष्यांचा महाल. एका प्रचंड आंब्याच्या खोडात त्यांनी हजार ढोल्या कोरल्या होत्या. प्रत्येक विषयाला वेगळी ढोली, ढोलीच्या आत ढोली, दारावर राखणदार, आणि कुणी उत्तर दिलं की वाजणारी घंटा. असा महाल ते तुमच्या झाडातही कोरून देत. वटवट्या तोंड उघडं टाकून बघत राहिला. पण एकशे चाळीस पक्षी हजार ढोल्यांत बसवले, तर शेजारच्या ढोलीत कुणी असण्याची शक्यता फारच कमी होती. शिंपिणीने एका ढोलीत प्रश्न विचारून पाहिला. उत्तर आलं नाही, घंटा मात्र दोनदा वाजली. टिटवीला तर सर्वांत खालची ढोलीही गाठता आली नाही. मुख्य सुतार म्हणाला की जमिनीवरून येणाऱ्यांसाठी पायरी करायचं आमच्या मनात आहे, पुढच्या वर्षी बघू. असं तो सहा वर्षं म्हणत आला आहे, हे राखणदाराने हळूच सांगितलं.

टिटवीने इथेही तोच प्रश्न विचारला. सुताराने अभिमानाने सांगितलं की आम्ही पानं डिंकाने चिकटवतो. पक्की बसतात, ओढली तर फाटतील, पण सुटायची नाहीत.

तिसरी जागा ही जागाच नव्हती. नदीच्या वळणावर पाणकोंबड्या लव्हाळ्याचे मांडव बांधत. चार दांडे, आडव्या काड्या आणि खुंट्या, बस्स. मांडव विकत मिळत नसे. कसा बांधायचा ते त्या दाखवत, आणि ज्याला हवा त्याने आपल्या हाताने बांधायचा. मोडला तर दुरुस्तही त्यानेच करायचा. नवी युक्ती सुचली तर इतर मांडववाल्यांना सांगायची, एवढीच अट. नदीकाठाने असे पुष्कळ मांडव उभे होते. कुठलाही दिसायला देखणा नव्हता.

टिटवी एका मांडवाखाली चालत गेली, सबंध दिवस तिथे राहिली, सगळ्या काड्यांपर्यंत तिची मान पोचली. संध्याकाळी तिने आपला प्रश्न विचारला. वटवट्याने लाजून दुसरीकडे तोंड फिरवलं.

पाणकोंबडी हसली नाही. ती मांडवाच्या कोपऱ्यात गेली आणि तिथली एक खुंटी तिने चोचीने उपटली. आडव्या काडीवरचे सगळे धागे पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही पान न फाटता, ओळीने तिच्या चोचीत आले.

"बाई, आम्ही हे आधी शिकवतो," ती म्हणाली. "बांधायचं कसं ते मग."

चार वर्षांत पहिल्यांदाच टिटवीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

बेटावर मात्र वाद झाला. वटवट्याने जीव तोडून विरोध केला. वडावर सारं जग आहे, महालात घंटा आहेत, आणि आपण काय, तर लव्हाळ्याच्या काड्या. येणारे-जाणारे काय म्हणतील?

"येणारे-जाणारे येतील आणि जातील, बाबा," टिटवी म्हणाली. "मी बगळ्यालाही काही विचारलं नव्हतं. त्याची मी काय किंमत मोजली, ते तुला ठाऊक आहे."

वटवट्याने विरोध सोडला. मांडव बांधायचं ठरलं.

पहिला मांडव तिसऱ्या दिवशी एका अंगाला झुकला, कारण दांडे एकाच बाजूला रोवले होते. दुसरा उभा राहिला, पण त्यात खुंटी बसवायचीच राहून गेली होती. तिसरा टिकला. आपला हात जगन्नाथ म्हणतात, पण जगन्नाथालाही तीनदा बांधावं लागतं, असं खंड्या म्हणाला, आणि हेही एका पानावर टोचून लावलं गेलं. पुढे बेटावर नव्याने आलेल्या पावशाने आपली पानं गुपचूप दुसऱ्यांच्या धाग्यांत घुसवायला सुरुवात केली. तेव्हा नवख्याचं पहिलं पान कोतवाल पक्ष्याने वाचल्याशिवाय शिवायचं नाही, असा नियम झाला. ती युक्ती पाणकोंबड्यांना कळवली, आणि थोड्याच दिवसांत नदीकाठच्या सगळ्या मांडवांवर एकेक कोतवाल दिसू लागला. आपली युक्ती नदीभर पसरली, या आनंदात बेट महिनाभर चालताना जरा मान ताठच ठेवून होतं. शिंपीण आपल्या घरट्यात आत झोपू लागली.

वर्षं गेली. वटवट्याचं लग्न झालं आणि त्याने गवतात खाली, पाण्याच्या जवळ, घरटं विणायला घेतलं. अर्धं झालं असेल, तेव्हा त्याच्या बायकोने वर पाहिलं आणि करंजाला पुन्हा फुलं कशी, असं विचारलं.

वटवट्या मांडवाकडे धावला. पहिलाच धागा, त्याचं पहिलं पान टिटवीचं. एकट्या टिटवीला त्यातली एकच ओळ ठाऊक होती. खाली आणखी अकरा पानं होती. पाणी दक्षिणेकडून शिरतं. पांढऱ्या दगडाला टेकलं की तिसऱ्या दिवशी बेट बुडतं. पलीकडचं टेकाड कोरडं राहतं, तिथे बोरीच्या मुळाशी वारा लागत नाही. वटवट्याने सगळं वाचलं आणि तो टिटवीसमोर जाऊन उभा राहिला. ज्याची वटवट कधी थांबली नव्हती, त्याने फक्त मान वाकवली.

"घरटं वर बांध," टिटवी एवढंच म्हणाली.

त्या हंगामात बेटावरच्या एकाही पक्ष्याने खाली अंडी घातली नाहीत. सगळी घरटी पलीकडच्या टेकाडावर झाली. पाणी आलं, पांढऱ्या दगडाला टेकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचे पाय पाण्यात होते. तेव्हा टिटवी शेवटची त्याच्याखाली चालत गेली आणि तिने कोपऱ्यातली खुंटी उपटली.

धागे ओळीने सुटले. एकेक टोक एकेका चोचीत गेलं, आणि एकशे चाळीस पक्षी एका रांगेत नदी ओलांडू लागले. मध्ये पानं सळसळत होती, एकही गळलं नाही. पैलतीरावरच्या वडावर मैनांनी माना वर केल्या. महालात एक घंटा वाजली, ती कुणासाठी ते कुणाला कळलं नाही. मागे लव्हाळ्याचा रिकामा मांडव पाण्यात गेला आणि त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

दुपारपर्यंत टेकाडावर चार दांडे उभे राहिले. आता ते एकदाच रोवावे लागले. वटवट्याने आडवी काडी धरली, शिंपिणीने धागे मोजून ओवले, आणि टिटवीने चोचीतली खुंटी कोपऱ्यात बसवली. सैल बसवली, चोचीने लगेच उपटता येईल अशी. बोरीच्या मुळाशी वटवट्याच्या घरट्यात चार अंडी होती. बाजूला ऊन पडलं होतं. टिटवी तिथे गेली, बसली, तिने दोन्ही पाय पोटाखाली घेतले आणि ती भरदिवसा झोपी गेली.